जुन्या दगडी भिंतीत खालून ओल चढतेय, इंजेक्शन करू की नको?

जुनंघर_नवामालक:
मंडळी, जरा मदत हवीय. घर शंभरेक वर्षांचं असावं, दगडी, भिंती पावणेदोन फूट जाड. खालच्या एका खोलीत जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ओल आहे, त्याच्या वर पिवळट वाकडीतिकडी रेघ आणि रेघेच्या आजूबाजूला पांढरा लोणा (भिंतीतून फुटून येणारे क्षार). झाडून काढला की पंधरा दिवसांत परत हजर. आधीच्या मालकाने आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक पेंट मारलाय, तो आता फुगून पोपडे पडतायत. एक ट्रीटमेंटवाला येऊन गेला, दोन पिनांचं मीटर टेकवलं, सगळीकडे लाल दिवा, पाच मिनिटांत निकाल लागला! खालून ओल आहे, भोकं पाडून केमिकल भरायचं (यालाच इंजेक्शन म्हणतात) आणि आतून तीन-चार फूट वॉटरप्रूफ प्लास्टर करायचं म्हणे. कोणी केलंय का हे? टिकतं का?

लोणा_वैतागलेला:
थांबा थांबा, घाई करू नका. ते पिनांचं मीटर मुळात लाकडासाठी आहे हो. दोन पिनांमधून करंट किती सहज जातो ते बघतं आणि त्यावरून ओल किती ते सांगतं. भिंतीत क्षार असले की करंट तसाही सहज जातो, म्हणजे भिंत जवळजवळ कोरडी असली तरी लाल दिवा लागणार, आणि तुमच्याकडे तर लोणा डोळ्यांना दिसतोय. एकाच भिंतीवर खालून वर रीडिंग कसं बदलतं हे बघायला ठीक आहे, पण नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

खरं बघायचं तर भिंतीच्या आतला चुरा काढावा लागतो. ड्रिल हळू चालवायचं, नाहीतर बिट तापून चुऱ्यातलं पाणी तिथेच उडतं. दगडात नाही, दर्जेत (दोन दगडांमधल्या सांध्यात), चांगलं खोल, दर फूटभर उंचीवर एक असे पाच-सहा नमुने काढून लगेच झाकणाच्या डबीत भरा. वजन करा, १०५ डिग्रीला वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा, परत वजन करा. (बारीक ग्रॅम दाखवणारा काटा पाहिजे, साध्यावर काही कळणार नाही.) खाली जास्त आणि वर कमी कमी होत गेलं तर पाणी खालून येतंय. वर जास्त निघालं तर छपराकडे बघा. सगळीकडे कमीच निघालं तर पाणी भिंतीच्या आत नाहीच, खोलीतल्या हवेतलं वरवर बसतंय.

याच्याही आधी फुकटातलं काम म्हणजे पाऊस पडताना बाहेर उभं राहून बघा. पन्हळ कुठे तुंबते, पागोळ्या कुठे पडतात, भिंतीला लागून माती किती वर आलीय. ‘खालून ओल’ म्हणून दाखवलेल्या कितीतरी भिंतींचं दुखणं बाहेर साठलेल्या मातीचंच असतं.

भोकं_पाडून_बसलो:
मी केलंय इंजेक्शन. आमचीही भिंत तुमच्यासारखीच, दोन्ही तोंडांना घडीव दगड आणि मध्ये कपच्या-मातीची भर. आता बघा, ते केमिकल सलग एका रेषेत बसलं तरच पाणी अडणार. विटांच्या भिंतीत दर्जा सरळ असतात तिथे चालतं, माझ्या भावाकडे विटांची भिंत आहे, तिथे ओल बरीच उतरली, खोटं कशाला बोलू. पण दगडी भिंतीच्या पोटात पोकळ्याच पोकळ्या, केमिकल कुठे गेलं देव जाणे. वर ते वॉटरप्रूफ प्लास्टर. भिंत म्हणजे दिव्याची वात समजा, खालून ओढलेलं पाणी अंगातून हवेत उडून जातं म्हणून ते ठराविक उंचीवर थांबतं. मी ती उडायची जागाच बंद केली, तर दोन वर्षांत ओल प्लास्टरच्या डोक्यावरून बाहेर आली, आधी तीन फूट होती ती पाच फूट! वर ज्या तुळया भिंतीत शिरतात त्यांची टोकं कुजायला लागली तेव्हा सगळं खरवडून काढलं.

जुनंघर_नवामालक:
बाप रे. बरं, काल चांगला पाऊस झाला तेव्हा बाहेर जाऊन बघितलं. मागच्या बाजूला जमीन आतल्या फरशीपेक्षा जवळजवळ फूटभर वर आहे, आणि भिंतीला टेकून कोणीतरी काँक्रीटचा पट्टा ओतलाय ज्याचा उतार घराकडेच आहे 🤦 पन्हळीचा खालचा पाइपही सांध्यात गळतोय. मग ओल सगळी त्याचीच म्हणायची का? पण एक कळत नाही, आतली मधली भिंत बाहेरच्या मातीपासून लांब आहे तरी ढगाळ हवेत ओली वाटते आणि ऊन पडलं की कोरडी. शेजारचे म्हणाले त्या बाजूला पूर्वी जनावरं बांधायचे.

चुनागिलावा:
ही गोठ्याची गोष्ट आधी सांगायची ना राव! शेण-मुतातले नायट्रेट त्या भिंतीत मुरलेत. असले क्षार हवेतूनच दमटपणा ओढून घेतात, बरणी उघडी राहिली की मीठ पाझरतं तसं. त्या भिंतीत खालून थेंबही आला नाही तरी दमट हवेत ती ओली दिसणार, तिथे इंजेक्शन म्हणजे शुद्ध वेडेपणा. तिथला गिलावा काढा, चुन्याचा करा, तो क्षार शोषून दोन-चार वर्षांत खराब होईल, मग तोही काढून परत करा. तो खराब होण्यासाठीच असतो. लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून बाहेर टाका, पाण्याने धुवू नका, विरघळून परत आत जातो.

मागच्या भिंतीला आधी पाइप दुरुस्त करा आणि तो काँक्रीटचा पट्टा फोडा. मग माती खाली घ्या, आतल्या फरशीपेक्षा निदान सहा-आठ इंच खाली. तेवढी जागा नसेल तर भिंतीपासून थोडं लांब चर खणून तळाला भोकाचा पाइप आणि वर खडी, पाइपला उतार देऊन पाणी लांब सोडायचं. पण जुन्या घरांचा पाया उथळ असतो, चर पायाच्या तळाखाली नेऊ नका, भिंत खचेल. हे सगळं झाल्यावर सिमेंट काढा, टाकी-हातोड्याने हळूहळू, ब्रेकर लावला तर सिमेंटबरोबर दगडाचे टवके येतात.

आणि मग लगेच गिलावा नाही!! भिंत उघडी ठेवा, वाळायला इंचाला एक महिना असा ढोबळ हिशोब धरतात, म्हणजे तुमच्या भिंतीला दीड-पावणेदोन वर्षं. तेवढं थांबायचं नसेल तर निदान एक कोरडा मोसम तरी जाऊ द्या. सुरुवातीला लोणा आधीपेक्षा जास्त दिसेल, घाबरू नका, पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं. नंतर चुना-वाळूचा गिलावा, एका थराला दहा-बारा मिलिमीटर, उन्हापासून झाकून आठवडाभर पाण्याचा हलका फवारा. त्यावर चुन्याची सफेदी, प्लास्टिक पेंट नाही. गवंडी म्हणेल ‘मजबुतीला थोडं सिमेंट घालूया’, त्याला पिशवी उघडू देऊ नका. चुना कालवताना डोळ्यांना गॉगल लावा, डोळ्यात गेला तर खेळ नाही.

लोणा_वैतागलेला:
+१. फक्त चुऱ्याचे नमुने आत्ताच काढून आकडे लिहून ठेवा, आणि चर झाल्यावर सहा महिन्यांनी त्याच उंचीवर, जुन्या भोकाच्या शेजारी परत काढा. नुसतं डोळ्यांनी बघून कळत नाही, डाग तसाच राहतो.

जुनंघर_नवामालक:
ओके, ट्रीटमेंटवाल्याला नाही म्हणून कळवलं. पाइपचा सांधा आजच बदलला. पट्टा रविवारी फोडतोय, आत काय निघतं ते फोटोसकट टाकतो.