लिव्हर बंद करूनही पीटीओ फिरत राहतो : ब्रेक पुन्हा बदलावा का?

प्रश्नकर्ता (फलटण तालुका) :

नमस्कार. माझ्याकडे २००७ सालचा, ५० अश्वशक्तीचा, स्वतंत्र पीटीओ (मागे जोडलेल्या यंत्राला इंजिनाची शक्ती देणारा शाफ्ट) असलेला ट्रॅक्टर आहे. तीन वर्षांपूर्वी तो मी वापरलेला विकत घेतला. त्याच्यावर रोटाव्हेटर आणि ऊस तुटल्यानंतर खोडव्यात पाचट कुट्टी यंत्र चालवतो. गेल्या हंगामापासून पीटीओचा लिव्हर बंद केला तरी शाफ्ट थांबत नाही. कुट्टी यंत्र जोडलेले असताना इंजिन अगदी मंद ठेवले, तरी रोटर सावकाश फिरतच राहतो. यंत्र सोडून नुसता शाफ्ट पाहिला, तर सकाळी गार इंजिनावर तो जोरात फिरतो आणि तासभर काम झाल्यावर थोडा मंदावतो.

गॅरेजमधील मिस्त्रींनी ब्रेक गेल्याचे सांगून मागील वर्षी ब्रेकचा लायनर (घासून फिरणे थांबवणारे अस्तर) बदलून दिला. चार महिने शाफ्ट नीट थांबत होता, आता पुन्हा तीच तक्रार आहे. पाचट रोटरला गुंडाळले की माणसाला खाली उतरून ते सोडवावे लागते, म्हणून मला या गोष्टीची फार काळजी वाटते. पुन्हा लायनरच बदलावा, की दोष दुसरीकडे असू शकेल?

उत्तर (निवृत्त ट्रॅक्टर फिटर, सांगली) :

सर्वप्रथम एक विनंती. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत पाचट सोडवायचे झाल्यास इंजिन बंद करून, चावी खिशात ठेवून, रोटर पूर्ण थांबल्याचे डोळ्यांनी पाहूनच हात घालावा. मिनिटाला ५४० फेऱ्यांचा शाफ्ट सेकंदाला नऊ वेळा फिरतो. त्यात धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर अडकला, तर माणसाला मागे सरायलाही वेळ मिळत नाही. पीटीओ थांबतो का हे पाहण्यासाठी शाफ्टला काठी लावणारी मंडळी मी पाहिली आहेत. तसे कधीही करू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओसाठी तेलात बुडालेला, अनेक प्लेटांचा वेगळा क्लच आहे. लिव्हर चालू केला की तेलाचा दाब क्लचच्या पिस्टनवर येऊन प्लेटा आवळल्या जातात. लिव्हर बंद केला की तो दाब निघून जातो आणि स्प्रिंग पिस्टनला मागे ढकलते. मात्र प्लेटांमध्ये तेलाचा थर उरतो आणि त्या थराच्या ओढीने मोकळा शाफ्ट फिरू लागतो. ही ओढ अडवण्यासाठीच ब्रेक दिलेला असतो. तो लहान असतो. सुटलेल्या क्लचची किरकोळ ओढ तो सहज अडवतो, पण क्लच अर्धवट धरून राहिला असेल तर दोघांच्या झटापटीत लायनर जळतो. आपला लायनर चार महिन्यांत गेला, यावरून मला ब्रेकपेक्षा क्लचचा संशय अधिक येतो. शिवाय यंत्राचा भार असतानाही रोटर थांबत नाही, याचा अर्थ त्याला मागून कोणीतरी फिरवत आहे. नुसत्या वेगाने फिरणारा रोटर थोड्या वेळाने आपोआप थांबला असता.

म्हणून मागचे काहीही खोलण्याआधी लिव्हरपासून व्हॉल्व्हपर्यंतची जोडणी पाहावी. बऱ्याच ट्रॅक्टरांत लिव्हर ‘बंद’ स्थितीत आला की व्हॉल्व्हचा स्पूल (आत मागेपुढे सरकणारी दांडी) क्लचचे तेल टाकीकडे सोडतो आणि ब्रेकच्या पिस्टनकडे दाब पाठवतो. दांडी वाकली असेल, पिनेचे भोक झिजून लंबगोल झाले असेल किंवा केबल ताणली गेली असेल, तर लिव्हर खाचेत बसलेला दिसतो, पण स्पूल तीन-चार मिलिमीटर अलीकडेच अडतो. मग क्लच पूर्ण सुटत नाही आणि ब्रेकही पूर्ण लागत नाही. इंजिन बंद असताना व्हॉल्व्हच्या टोकाची पिन काढावी आणि स्पूल हाताने शेवटपर्यंत जातो का ते पाहावे. तो आणखी पुढे जात असेल, तर दोष जोडणीत आहे आणि ती दुरुस्ती अगदी थोड्या खर्चात होते.

उत्तर (कृषी यंत्रे शिकवणारा, अहिल्यानगर) :

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालतो. गार असताना शाफ्ट जोरात फिरतो, हे तेल जाड असल्याचे लक्षण आहे. जुना ट्रॅक्टर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो आणि मधल्या कोणी तरी त्यात ९० नंबरचे गिअर ऑइल भरून ठेवलेले असते. प्लेटांच्या क्लचला ते चालत नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलेले हायड्रॉलिक-ट्रान्समिशन तेलच, ज्याला दुकानात बहुधा वेट ब्रेक ऑइल म्हणतात, भरावे आणि त्याच वेळी फिल्टरही बदलावा.

दुसरे म्हणजे चालवण्याची सवय. कुट्टी यंत्राचा रोटर जड असतो. पूर्ण गतीवर असताना लिव्हर एकदम बंद केला, तर त्या रोटरचा सगळा जोर ब्रेकवर येतो. आधी इंजिन मंद करावे, रोटर उतरू द्यावा आणि मगच लिव्हर बंद करावा. यंत्राच्या शाफ्टमध्ये एकदिशा क्लच (एकाच दिशेने जोर पोहोचवणारा) असेल तर रोटर स्वतंत्रपणे थांबतो आणि ब्रेकवरील ताण वाचतो. तो आपल्या शाफ्टमध्ये आहे की नाही, हे अवश्य पाहावे.

प्रश्नकर्ता :

आपणा दोघांचाही आभारी आहे. पिन काढून पाहिली. स्पूल अंदाजे चार मिलिमीटर पुढे जातो, म्हणजे जोडणीत खोट आहेच. तेलही पाहिले, डिपस्टिकवरून ते मधासारखे ओघळते आणि त्याला गिअर ऑइलचा उग्र वास आहे. आता लायनर जळला असेल म्हणून मागचे हाउसिंग खोलावेच लागेल. तेव्हा आणखी काय पाहावे?

उत्तर (हायड्रॉलिक दुरुस्ती करणारा, बारामती) :

खोलायचेच आहे, तर त्याआधी क्लच लाइनवर दाबमापक लावून लिव्हर चालू आणि बंद अशा दोन्ही स्थितींत दाब लिहून घ्यावा. जोडणी नीट केल्यानंतरही बंद स्थितीत क्लचवर दाब उरत असेल, तर गळती आत आहे. फिरत्या शाफ्टमध्ये तेल नेणाऱ्या सीलिंग रिंगा झिजल्या, तर ब्रेककडचे तेल क्लचकडे झिरपते. त्या रिंगा ज्या भागावर घासतात, तिथे बोटाचे नख फिरवून पाहावे. नख अडकण्याइतकी खाच पडली असेल, तर नुसत्या रिंगा बदलून उपयोग होणार नाही.

क्लच सुटा करताना स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून प्रेस वापरल्याशिवाय सर्कलिप (भाग जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंगची कडी) काढू नये. स्टीलच्या प्लेटा सपाट काचेवर ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाक तपासावा. निळे डाग पडलेल्या किंवा वाकलेल्या प्लेटा परत बसवू नयेत, कारण वाकलेली प्लेट कधीच पूर्ण सुटत नाही. नव्या घर्षण प्लेटा बसवण्यापूर्वी रात्रभर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या तेलात बुडवून ठेवाव्यात. पिस्टनच्या ओ-रिंगला तेल लावून पीळ न पडता बसवावे. हाउसिंग बंद करण्याआधी तेलाच्या भोकातून कमी दाबाची हवा देऊन क्लचचा आणि ब्रेकचा पिस्टन सरकतो का, आणि हवा दाबून ठेवल्यावर फुसफुस ऐकू येते का, हे तपासावे. ही पाच मिनिटांची तपासणी टाळल्यामुळे पुन्हा सगळे खोलावे लागल्याची कामे माझ्याकडे येतात.

प्रश्नकर्ता (तीन आठवड्यांनी) :

काम पूर्ण झाले. लायनर एका बाजूने काळा पडून पत्र्यापर्यंत झिजला होता. स्टीलच्या दोन प्लेटा निळ्या पडल्या होत्या आणि त्यांपैकी एक काचेवर स्पष्ट डुलत होती. सीलिंग रिंगांची जागा गुळगुळीत निघाली, तरी रिंगा नव्या घातल्या. लिव्हरच्या खालच्या पिनेचे भोक लंबगोल झाले होते. तिथे बुश बसवून घेतले आणि दांडीची लांबी स्पूल शेवटपर्यंत जाईल अशी लावली. जुने तेल पूर्ण काढून मॅन्युअलमधील तेल भरले, फिल्टर बदलला.

काल सकाळी गार इंजिनावर मोकळा शाफ्ट लिव्हर बंद करताच दोन सेकंदांत थांबला. कुट्टी यंत्र जोडून, इंजिन मंद करून बंद केले, तेव्हा रोटरही उतरून पूर्ण थांबला. माझ्या यंत्राच्या शाफ्टमध्ये एकदिशा क्लच नाही. तो पुढील लागणीआधी बसवून घेणार आहे. इंजिन बंद करून चावी काढल्याशिवाय कोणीही रोटरजवळ जायचे नाही, असे चालकाला सांगून ठेवले आहे.