कायरल संयुगं: मिश्रणावरचे आकडे छापावेत का?

स्फटिक
नवं कायरल संयुग (ज्याच्या रेणूची डाव्या-उजव्या हातासारखी, एकमेकांवर न जुळणारी रूपं होतात) बनवायचं, त्या डाव्या-उजव्या रूपांचं मिश्रण तसंच जिवाणूंवर आणि कॅन्सरच्या पेशींवर टाकायचं आणि 'दोन्हींवर गुणकारी' असा शोधनिबंध छापायचा, हे थांबायला हवं. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाच्या रेणूची चार त्रिमितीय रूपं होतात, जिवाणूंना रोखतं ते त्यातलं एकच. ओफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचा जवळपास सगळा जोर एका रूपात आहे. तेच वेगळं काढून लेव्होफ्लॉक्सासिन झालं. मग मिश्रणाचा आकडा नक्की कुणाचा?

पेट्रीडिश
असहमत. हिशोब मांडून बघा. एक रूप काम करतंय आणि दुसरं नुसतंच बसून आहे, तर मिश्रणाची एमआयसी (जिवाणूंची वाढ रोखणारी कमीत कमी मात्रा) दुप्पट दिसेल: ८ च्या जागी १६ मायक्रोग्रॅम प्रति मिली. ती मोजायच्या ब्रॉथ डायल्यूशन चाचणीत दर नळीला औषध निम्मं होतं, एका पायरीचा फरक त्यात चालतोच. चांगलं संयुग हातचं जात नाही. प्रत्येक संयुगाची रूपं आधी कायरल कॉलमवर वेगळी करत बसलात तर वर्ष त्यातच जाईल, तेही बहुतेक निकामी निघणाऱ्या संयुगांसाठी!

स्फटिक
पहिल्या चाळणीपुरतं मान्य. हा हिशोब मी केला नव्हता. पण दुसरं रूप नुसतं बसून नसेल, पेशींना विषारी असेल तर? ज्याचा आकडा चांगला येतो त्याची तरी दोन्ही रूपं वेगळी तपासूनच छापा.

जांभळी_प्लेट
वेगळी केली म्हणजे वेगळी राहतात असंही नाही. थॅलिडोमाइड या औषधाची दोन रूपं शरीरात एकमेकांत बदलतात. ३७ अंशांवर, माध्यमात ठेवून आधी ते पाहा.
माझा खरा आक्षेप 'दोन्हींवर गुणकारी'ला आहे. जिवाणूही मरतात, कॅन्सरच्या पेशीही मरतात, आणि निरोगी पेशींवर चाचणीच नाही! हेला या कॅन्सरपेशींवर आयसी-५० (पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा) वीस मायक्रोमोलर आणि निरोगी पेशींवरही वीसच, तर ते औषध नव्हे, विष आहे. एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी) च्या प्लेटवर औषध आणि विष सारखीच दिसतात.

पेट्रीडिश
निरोगी पेशींचं शंभर टक्के पटलं. पण दुहेरी गुणावर सरसकट संशय नको. डॉक्सोरुबिसिन स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून मिळालं, ते जिवाणूंनाही मारतं, आणि कॅन्सरवर आजही वापरतात.

जांभळी_प्लेट
वापरतात, पण हृदयाला इजा होते म्हणून एकूण मात्रेवर मर्यादा ठेवून. आणि जिवाणूसंसर्गावर ते कुणी देत नाही.