कॅलिफोर्नियात सह्यांवर येणारे 'प्रॉप': चालतात कसे, अडतात कुठे?

फ्रीमाँटची_पाहुणी
नोव्हेंबरात पहिल्यांदाच मत द्यायचंय. किराणा दुकानाबाहेर एकजण फळकुटाला कागद लावून उभा असतो, "शाळांसाठी आहे, सही करा" म्हणतो. मी एका कागदावर केलीही. या सहीने नेमकं काय होतं? प्रॉप (प्रपोझिशन, म्हणजे थेट मतदारांपुढे येणारा प्रस्ताव) मतपत्रिकेवर येतो कसा? आणि इथले जुने लोक "या प्रॉपांनीच राज्याची वाट लावली" म्हणतात ते कशामुळे? आपल्याकडे असं काही आहे का?

सॅक्रामेंटोकाका
आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. मतपत्रिकेवरचे सगळेच प्रॉप लोकांनी आणलेले नसतात. काही घटनादुरुस्त्या आणि कर्जरोखे विधिमंडळ स्वतःच लोकांपुढे ठेवतं. तुम्ही विचारताय तो 'इनिशिएटिव्ह', म्हणजे विधिमंडळाला वळसा घालून नागरिकांनी थेट मतदाराकडे नेलेला कायदा. हा हक्क 1911 सालचा. सदर्न पॅसिफिक रेल्वेने विधिमंडळ खिशात घातलंय या रागातून गव्हर्नर हायरम जॉन्सन यांनी तो आणला.

क्रम असा. कायद्याचा पूर्ण मसुदा आणि 2,000 डॉलर अ‍ॅटर्नी जनरलकडे (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी) भरायचे. (2016 च्या आधी फी 200 डॉलर होती, त्यामुळे वाटेल ते मसुदे येत.) तीस दिवस लोक ऑनलाइन सूचना देतात आणि पस्तिसाव्या दिवसापर्यंत मसुदा दुरुस्त करता येतो. त्यानंतर एका स्वल्पविरामालाही हात लावता येत नाही. मधल्या काळात विधिमंडळाला आर्थिक सल्ला देणारा लेजिस्लेटिव्ह अ‍ॅनालिस्ट आणि अर्थखातं खर्चाचा अंदाज काढतात. मग अ‍ॅटर्नी जनरल जास्तीत जास्त 100 शब्दांचं शीर्षक-सारांश देतो आणि तिथून सह्यांचे 180 दिवस सुरू होतात.

किती सह्या? आधीच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या एकूण मतांच्या 5 टक्के साध्या कायद्याला, 8 टक्के घटनादुरुस्तीला. 2022 च्या मतदानावरून हे आकडे 5,46,651 आणि 8,74,641 निघाले. पाव सह्या झाल्या की विधिमंडळाला सुनावणी घ्यावी लागते, पण मसुदा बदलायचा अधिकार त्यांना नसतो. मतदानाच्या 131 दिवस आधी प्रॉप पात्र ठरला पाहिजे, नाहीतर पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत थांबा. पुढे साधं बहुमत पुरतं.

जोडाक्षर
काकांनी सांगितलेले आकडे वैध सह्यांचे आहेत, आणि खरी मेख तिथेच आहे. चारातली एक सही बाद होते असं धरून चला: नाव मतदारयादीत नाही, घर बदललं पण नोंदणी जुन्या पत्त्यावर, एका काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मतदार दुसऱ्या काउंटीच्या कागदावर, सही नोंदणीशी जुळत नाही. म्हणजे साध्या कायद्यालाही सुमारे 7,29,000 सह्या गोळा करायच्या. भागिले 180, रोजच्या चार हजारांवर. हौशी स्वयंसेवकांचं हे काम नव्हे.

तपासणीही मजेशीर आहे. सगळ्या सह्या कोणी बघत नाही. प्रत्येक काउंटी 3 टक्के किंवा 500, यातल्या जास्त त्या, सह्यांचा नमुना तपासते. त्यावरून वैध सह्यांचा अंदाज लागणाऱ्या सह्यांच्या 110 टक्क्यांच्या वर गेला की पात्र, 95 च्या खाली आला की बाद, मध्ये अडकला तर एकेक सही मोजा. ही मोजणी महागडी आणि वेळखाऊ, त्यामुळे सगळ्यांचा प्रयत्न 110 ओलांडायचाच असतो. आणि नमुन्यात एकच माणूस दोनदा सापडला तर? 3 टक्के नमुन्यात प्रत्येक सहीचं वजन साधारण 33 धरतात, आणि दुबार सहीमागे 33.33 गुणिले 32.33, म्हणजे जवळजवळ 1,078 सह्या वजा होतात. कारण एवढ्याशा नमुन्यात जोडीतल्या दोन्ही सह्या सापडल्या, म्हणजे ढिगात अशा जोड्या किती असतील! तेव्हा "परत एकदा करून टाका, बिघडत नाही" असं कोणी म्हणालं तर करू नका. त्यांचंच बिघडतं.

नकोनको_होहो
आता वाट कशी लागली ते. पहिलं दुखणं पैसा. सह्या गोळा करणाऱ्या कंपन्या आहेत, दर सहीमागे ठरतो, मुदत संपत आली की चढतो, गर्दीच्या वर्षी दहा डॉलरच्याही पुढे जातो. पगारी सह्यांवर बंदी घालता येत नाही, सुप्रीम कोर्टाने 1988 मध्ये कोलोरॅडोच्या खटल्यात ती घटनाबाह्य ठरवली. कंपन्यांच्या प्रचारखर्चालाही मर्यादा घालता येत नाही, तो निकाल 1978 चा. 2020 चा प्रॉप 22 बघा: अ‍ॅप-टॅक्सी आणि घरपोच जेवणवाल्या कंपन्यांनी ड्रायव्हरांना नोकर न मानण्यासाठी 20 कोटी डॉलरहून जास्त ओतले आणि जिंकल्या. रेल्वे कंपनीला आवरायला काढलेली ही वाट, आता तिच्यावर टोल भरण्याची ऐपत कंपन्यांचीच.

दुसरं दुखणं जास्त खोल आहे, पण त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. इथे लोकांनी मंजूर केलेला कायदा विधिमंडळाला बदलता येत नाही, प्रॉपमध्येच तशी सोय ठेवली असेल तरच येतो. बाकी राज्यांत विधिमंडळाला थोडाफार हात घालता येतो, कॅलिफोर्निया यात सगळ्यात कडक. प्रॉप 22 मध्ये सोय आहे म्हणे: दोन्ही सभागृहांत सात-अष्टमांश मतं! नसल्यासारखीच. मसुद्यातली चूक, काळाबरोबर शिळी झालेली रक्कम, सगळं निस्तरायला पुन्हा मतदारांकडेच जावं लागतं.

प्रॉप 13 हे याचं मोठं उदाहरण. 1978 मध्ये जवळपास 65 टक्के मतांनी आला. घरपट्टी खरेदीच्या किमतीच्या 1 टक्का, मूल्यांकनातली वाढ वर्षाला फार तर 2 टक्के. समजा 1985 मध्ये कोणी दीड लाख डॉलरला घर घेतलं. चाळीस वर्षं पूर्ण 2 टक्क्यांनी वाढलं तरी मूल्यांकन 3.31 लाख, मूळ कर 3,300 च्या आसपास. शेजारचं तसंच घर आज कोणी पंधरा लाखांना घेतलं तर त्याला 15,000. रस्ता तोच, शाळा तीच. हेच दुकानं-कार्यालयांनाही लागू. 2020 मध्ये प्रॉप 15 ने मोठ्या व्यापारी मालमत्ता यातून काढायचा प्रयत्न केला, तो 52-48 ने पडला. राज्याचे कर वाढवायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात तीही प्रॉप 13 मुळेच. वर 1988 च्या प्रॉप 98 ने शाळांसाठी खर्चाचा किमान वाटा बांधून टाकला. एकीकडून जमेला कुलूप, दुसरीकडून खर्चाला, मग अर्थसंकल्प मांडणाऱ्यांना मोकळीक राहते ती थोडक्याच भागात.

सॅक्रामेंटोकाका
@नकोनको, तेवढंच एकतर्फी नको. 1972 च्या प्रॉप 20 शिवाय किनाऱ्यावरच्या बांधकामांवर लक्ष ठेवणारा किनारा आयोग झाला नसता आणि अर्धा किनारा खाजगी कुंपणांत गेला असता. मतदारसंघ आखण्याचं काम आमदारांकडून काढून नागरिक आयोगाला दिलं तेही 2008 च्या प्रॉप 11 ने. स्वतःची खुर्ची धोक्यात घालणारे कायदे आमदार आपणहून करत नाहीत, तिथे हे हत्यार लागतंच.

एक कमी माहीत असलेला उपयोग: दमदाटी. 2014 च्या सुधारणेनंतर पात्र ठरेपर्यंत प्रॉप मागे घेता येतो. 2018 मध्ये शीतपेय कंपन्यांनी स्थानिक करांवर मोठी अट घालणारा प्रॉप सह्यांपर्यंत नेला आणि विधिमंडळाने शहरांना नवे सोडा-कर लावायला 2031 पर्यंत बंदी घातली तेव्हा तो मागे घेतला. त्याच उन्हाळ्यात ग्राहक-गोपनीयतेचा कायदाही अशाच सौद्यातून आला. वाईट आणि चांगलं, दोन्ही एकाच कळीने.

फ्रीमाँटची_पाहुणी
म्हणजे सही केलेल्या कागदाचं मतदान होईलच असं नाही. बरं, मी केलेली सही मागे घेता येते का? आणि भारतातलं राहिलं.

आडवीबाटली
भारतात राज्य पातळीवर लोकांनी सह्या करून कायदा मतदानाला लावण्याची तरतूद नाही. पण महाराष्ट्रात एक छोटं भावंड आहे, माझं नाव त्यावरूनच. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे वॉर्डातल्या महिला मतदारांपैकी (किंवा एकूण मतदारांपैकी) 25 टक्क्यांनी सह्यांचं निवेदन दिलं की सह्यांची पडताळणी होते आणि दारूची दुकानं बंद करावीत का यावर गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावांसाठीही असंच.

कॅलिफोर्नियाशी फरक दोन. एक, महाराष्ट्रात कायदा लिहिता येत नाही, फक्त त्या वॉर्डातली दुकानं बंद होतात. दोन, आडव्या बाटलीला झालेल्या मतांच्या नव्हे तर यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे यादीत 1,200 बायका असतील तर 601 पाहिजेत. मतदानाला 700 आल्या आणि 590 जणींनी आडवीवर शिक्का मारला तरी दुकान चालूच. यादीतली मयत नावं, लग्न होऊन गेलेल्या मुली, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. म्हणून या लढ्यात मतदानाइतकंच महत्त्व आधी मतदारयादी साफ करून घेण्याला असतं, आणि तिथे आळस केला की हमखास हरतात.

जोडाक्षर
सही मागे घेता येते, पण ते कागद काउंटीकडे दाखल होण्याआधी. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला लेखी द्या: नाव, नोंदणीतला पत्ता, कुठल्या अर्जावरची सही ते, आणि खाली सही. दाखल झाल्यावर काही होत नाही.

पुढच्या वेळी सहीआधी तो माणूस काय सांगतो ते ऐकू नका, कागदाच्या माथ्यावरचं शीर्षक वाचा. पगारी आहात का असं विचारायचा हक्क आहे, तसं कागदावरच छापलेलं असतं. 2020 पासून सगळ्यात मोठ्या देणगीदारांची यादीही कागदावर किंवा वेगळ्या पानावर दाखवावी लागते. "शाळांसाठी" म्हणणाऱ्याला ते पान मागा, चेहरा बघण्यासारखा होतो.

मतदानाच्या वेळी शीर्षकावरही विसंबू नका. ते लिहिणारा अ‍ॅटर्नी जनरल निवडून आलेला, एका पक्षाचा माणूस असतो. 2018 चा प्रॉप 6 पेट्रोलवरची करवाढ रद्द करायला होता, पण शीर्षकाची सुरुवातच रस्तेदुरुस्तीचा निधी जातो अशी होती. पडला. माहितीपुस्तिकेत आधी लेजिस्लेटिव्ह अ‍ॅनालिस्टचा भाग वाचा, मग मागच्या पानांतल्या मूळ मसुद्यात 'दुरुस्ती' असं कलम शोधा. किती बहुमत लागेल आणि "हेतूला पूरक असेल तरच" अशी अट आहे का, हे तिथे कळतं.

विधिमंडळाने केलेल्या कायद्याविरुद्ध सह्या जमवून जो येतो तो 'रेफरेंडम', त्यात मात्र जपून. सह्या दाखल झाल्या की तो कायदा मतदानापर्यंत थांबतो, आणि 2023 च्या सुधारणेआधी 'हो' म्हणजे कायदा राहू दे असा अर्थ असायचा; आता 'कायदा ठेवा' किंवा 'कायदा रद्द करा' असे पर्याय असतात. 2014 ची प्लास्टिक पिशव्यांवरची बंदी पिशवीवाल्यांनी अशीच 2016 पर्यंत अडवली होती. तेव्हा बंदी हवी असलेल्याने प्रॉप 67 ला 'हो' म्हणायचं होतं.

नकोनको_होहो
आणि एकाच विषयावर दोन विरोधी प्रॉप दिसले तर दोन्हींना 'हो' देऊ नका. दोन्ही मंजूर झाले तर जिथे टक्कर होते तिथे जास्त मतांचा टिकतो. दुसरा बऱ्याचदा पहिल्याला मारायलाच आणलेला असतो.

फ्रीमाँटची_पाहुणी
काउंटीला आजच पत्र टाकते. कागदाचा नंबर आठवत नाहीये, विषय लिहिला तर चालेल?

जोडाक्षर
शीर्षक जमेल तेवढं नेमकं लिहा. सह्यांसाठी सध्या फिरणाऱ्या अर्जांची यादी राज्याच्या निवडणुका बघणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या संकेतस्थळावर असते, नंबर तिथे मिळेल.