एस्टीम 1.3 टर्बो : फोर्ज्ड पिस्टन 4032 घ्यावे की 2618? बोअरिंग आधी करून घेऊ का?

इतवारी_टर्बो
नमस्कार मंडळी. एस्टीमचं 1.3 इंजिन पूर्ण उघडलं आहे. मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 मिमी, लायनर घासलेत, म्हणून 74.5 वर जायचं ठरलंय. छोटा टर्बो, इंटरकूलर, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) 0.6 ते 0.7 बार. गाडी रोज चालणार, मे महिन्यातही. बोअरिंगवाला म्हणतो, ब्लॉक आणून टाका, अर्धा मिमी ओव्हरसाइझ मारून ठेवतो, क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) 0.03 मिमी, पिस्टन मागून आणा. देऊन टाकू का?

मायक्रॉनभाऊ
अजिबात नाही. पिस्टन हातात येईपर्यंत बोअरला हात लावू देऊ नका. 0.03 हा ओतीव पिस्टनचा हिशोब आहे. फोर्ज्डला (घडीव पिस्टनला) तो दिला तर पहिल्याच लांब चढावर पिस्टन धरेल.

4032 आणि 2618 हे फोर्ज्ड पिस्टनचे दोन अॅल्युमिनियम मिश्रधातू. 4032 मध्ये सुमारे 12 टक्के सिलिकॉन असतं, म्हणून ते तापल्यावर कमी फुगतं. तुमच्या बोअरला साधारण 0.045 ते 0.06 मिमी. 2618 मध्ये सिलिकॉन जवळजवळ नसतंच, त्याला 0.075 ते 0.09 लागतं. शेवटचा शब्द डब्यातल्या स्पेक कार्डाचा. मोजायचं कुठे तेही त्यावरच असतं: पिनला काटकोनात, स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भागाच्या) तळापासून ठरावीक उंचीवर. स्कर्ट पिंपासारखा फुगीर असतो, मायक्रोमीटर 5 मिमी वर सरकला तरी आकडा बदलतो. चारही पिस्टन मोजा, नंबर टाका, ज्याचा बोअर त्याच्या मापाने होन करा (दगडाने घासून शेवटच्या मापाला आणा).

आता आपल्या नागपूरची गोष्ट. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी 45 अंश असतात, कार्डावरचं माप 20 अंशांच्या आसपासचं. पिस्टन लायनरपेक्षा जास्त फुगतो, त्यामुळे दुपारी क्लिअरन्स 10 ते 20 मायक्रॉन कमी दिसतो आणि होनवाला तेवढं जास्त कापून मोकळा होतो. त्याहून वाईट म्हणजे पिस्टन एसीच्या खोलीतून आणून तापलेल्या ब्लॉकमध्ये मोजणं. दोन्ही रात्रभर एका जागी ठेवा आणि सकाळी सातला मोजा.

रोजच्या गाडीला 0.7 बारवर माझं मत 4032. थंड इंजिनात खडखड कमी आणि रिंगचे खाचे जास्त टिकतात.

कामठीरोड_1298
मायक्रॉनभाऊंशी क्लिअरन्सवर सहमत, 4032 वर नाही. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याच हवेला जास्त इंधन लागतं. जुने इंजेक्टर, जुना मॅप (इंधन किती द्यायचं याचा तक्ता) आणि वर बूस्ट म्हणजे मिश्रण लीन (इंधन कमी), मग नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट). नॉकिंगमध्ये 4032 ची रिंग लँड (रिंगच्या खाच्यांमधली पट्टी) तडकते. 2618 चिवट आहे, ते आधी वाकतं, चटकन तुटत नाही. ट्यूनवर पक्का भरवसा असेल तर 4032, नाहीतर 2618 घ्या आणि सकाळची खडखड सहन करा.

डिश (पिस्टनच्या माथ्यावरचा खळगा) मात्र ऑर्डरच्या आधी ठरवा. 74.5 बोअर, 75.5 स्ट्रोक, म्हणजे एका सिलिंडरचे 329 सीसी. 9 चा कॉम्प्रेशन रेशो हवा तर 329 ला 8 ने (9 वजा 1) भागा: 41 सीसी. त्यातून गॅस्केट वजा करा, 75.5 चं भोक आणि दाबल्यावर 1 मिमी जाडी असेल तर 4.5 सीसी. उरले 36.5. हेडची चेंबर ब्युरेटने मोजा. ती 30 भरली आणि पिस्टन डेकशी (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाशी) सपाट येत असेल, तर डिश साडेसहा सीसीची. 9 च्या वर जाऊ नका. रेशो उतरवायला जाड गॅस्केट घालायचा शहाणपणा तर मुळीच नको. स्क्विश (पिस्टनचा माथा आणि हेडची सपाट कड यांतली फट) 1 मिमीच्या आसपास राहिला नाही तर रेशो कमी होऊनही नॉक येतो.

इतवारी_टर्बो
2618 मागवतो. बोअरिंगवाल्याकडे टॉर्क प्लेट (होन करताना हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) नाही. चालेल का? आणि रिंग गॅप (रिंगच्या दोन टोकांतली फट) किती?

मायक्रॉनभाऊ
टर्बोला नाही चालणार. तुमचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर. हेड बोल्ट आवळले की लायनर वाकडे होतात. 40 मिमी जाड एमएसची प्लेट करून घ्या, भोकं बोअरपेक्षा 2-3 मिमी मोठी. होन करताना तीच गॅस्केट, तेच बोल्ट, तोच टॉर्क.

गॅप शेवटच्या होननंतरच, रिंग ज्या बोअरची त्याच बोअरमध्ये. उलट्या पिस्टनने 25 मिमी खाली सरळ ढकला, मग फीलर घाला. बूस्टला टॉप रिंग बोअर गुणिले 0.0055, म्हणजे 0.41 मिमी. दुसरी थोडी जास्त, 0.45. कानस एकाच दिशेने, बाहेरून आत. उलटी ओढली तर कडेची मोली (मोलिब्डेनमचा थर) उडते. गॅप कमी पडला तर तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग वरची लँड उपटून काढते.

कामठीरोड_1298
होननंतर बोअर गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवा. पेट्रोल-डिझेलने ग्रिट (होनच्या दगडाची बारीक कच) रेघांमध्येच बसून राहतो. तेलाचं पांढरं फडकं फिरवा, राखाडी येतंय तोवर परत धुवा.

मूळ रॉडला पिन प्रेसफिट (दाबून घट्ट बसवलेली) असेल तर फ्लोटिंग (मोकळी फिरणाऱ्या) पिनसाठी लहान टोकाला ब्राँझ बुश लागेल, हे आधीच बघून घ्या. पिन अडवणाऱ्या गोल तारेच्या क्लिपचं तोंड वर किंवा खाली, बाजूला कधीच नको. बाजूला असलं की वर-खालच्या झटक्यांनी क्लिप मिटून सुटते आणि पिन लायनर खरवडते. एकदा काढलेली क्लिप परत वापरायची नाही.

हेड कायमचं बसवण्याआधी पिस्टनवर क्ले (मऊ माती) लावून हेड तात्पुरतं आवळा, टायमिंग जुळवून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, मग हेड काढून क्ले कापून मोजा: व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये इनटेकला 2 मिमी, एक्झॉस्टला 2.5.

पहिलं तेल साधं मिनरल. गाडी सुरू करून तासभर आयडलवर ठेवू नका, रिंग बसत नाहीत, बोअर गुळगुळीत होतो. बुटीबोरीच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला की तिसऱ्या गिअरमध्ये अर्धा थ्रॉटल, मग पाय काढून इंजिन ब्रेकिंग, असं दहा-बारा वेळा. बूस्ट वेस्टगेटच्या (टर्बोला बगल देऊन जादा एक्झॉस्ट सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवरच, म्हणजे सर्वात कमी ठेवा. 50 किमीवर तेल आणि फिल्टर बदला, फिल्टर कापून घड्या उघडून बघा.