रिडेव्हलपमेंटसाठी घर रिकामं करतोय, स्टोरेजला ठेवायच्या सामानाचं पॅकिंग कसं करावं?

कोथरूडची_चिमणी
नमस्कार मंडळी, आमची सोसायटी एकदाची रिडेव्हलपमेंटला गेली आणि मेअखेर घर रिकामं करून चावी द्यायचीये. बिल्डर तीस महिने म्हणतोय, म्हणजे आपण साडेतीन वर्षं धरून चालायचं. जवळच वन बीएचके भाड्यानं घेतलाय पण टू बीएचकेमधला इतक्या वर्षांचा पसारा त्यात मावणं शक्यच नाही, म्हणून उरलेलं सेल्फ स्टोरेजमध्ये (आपलं कुलूप लावायची भाड्याची खोली, तिलाच युनिट म्हणतात) टाकायचं ठरतंय. यादी अशी: सासूबाईंचं आरशाचं सागवानी कपाट, दुसरा फ्रिज, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, तांब्यापितळेची भांडी, पुस्तकं (भरपूर!), गाद्या आणि पैठण्या. पॅकर्सवाला म्हणतो सगळं प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून देतो, टेन्शन घेऊ नका. सासूबाई म्हणतात प्लास्टिकला हात लावू देणार नाही. कोणाचं ऐकू?

पेठेतला_आगाऊ
सासूबाईंचं. आणि हे मी घाबरून म्हणत नाहीये.
बाकी साडेतीन वर्षांचं भाडं अधिक १८ टक्के जीएसटी याचा हिशोब एकदा कागदावर मांडा आणि मग दुसऱ्या फ्रिजकडे बघा. स्टोरेजच्या भाड्यात नवीन येईल अशी प्रत्येक वस्तू आत्ताच विकून किंवा देऊन टाका. कापसाच्या गाद्या तर ठेवूच नका, नव्या घरी जाताना नव्या करून घ्या.

सुकं_खोबरं
ताई, सासूबाई शंभर टक्के बरोबर आहेत. प्लास्टिक बाहेरची ओल आत येऊ देत नाही हे खरं, पण आतली बाहेरही जाऊ देत नाही, आणि पुण्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की पॅक करताना राहिलेला थोडासा ओलावासुद्धा बुरशीला पुरतो. त्यामुळे नियम एकच, आधी खडखडीत वाळवा, मग झाका, आणि हवेला जागा ठेवा. तुमचं मेमध्येच चाललंय हे उत्तमच, फक्त वळवाची सर येऊन गेली की त्या संध्याकाळी खोके बंद करू नका.

कपाटाला आधी जुनी सुती चादर किंवा गोधडी, तिच्यावरून वाटलं तर स्ट्रेच फिल्म, तीही टेम्पोतून नेण्यापुरती. युनिटमध्ये उतरवलं की फिल्म कापून टाका, चादर राहू द्या. बबल रॅप पॉलिशवर थेट लावला की काही महिन्यांनी त्या फोडांचे गोल ठसे उमटतात आणि मग ते नुसतं पुसून जात नाहीत. आरसा काढता येत असेल तर वेगळा काढून उभाच ठेवा, आडवा कधीच नाही. स्क्रू-बिजागऱ्या पिशवीत घालून त्याच कपाटाच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, सगळ्या फर्निचरचे स्क्रू एका डब्यात टाकले की पुढे कुठला कशाचा हे शोधत बसावं लागतं.

फ्रिज ठेवायचाच असेल तर दोन दिवस आधी बंद करा, बर्फ वितळू द्या, मागच्या ट्रेमधलं पाणी काढा (हा ट्रे सगळे विसरतात), आतून पुसून दार उघडं ठेवून वाळवा आणि स्टोरेजमध्येही दारात कापडाची घडी अडकवून फट ठेवा. फ्रंट लोडला खाली फिल्टरचं झाकण असतं, ते उघडून पाणी काढा, पाइपातलंही काढा. मशीन नवीन आलं तेव्हा मागे ट्रान्झिट बोल्ट होते, ते जपून ठेवले असतील तर परत लावा, नाहीतर टेम्पोच्या धक्क्यांनी ड्रम हादरतो. घड्याळं, रिमोट, वजनकाटा यांचे सेल काढा.

इन्व्हर्टरची बॅटरी मात्र स्टोरेजवाले घेत नाहीत आणि घेऊही नये, ॲसिड असतं आणि वर्षानुवर्षं चार्जिंगविना पडून ती तशीही मरते. भाड्याच्या घरात वापरा किंवा डीलरला एक्सचेंजमध्ये द्या. गॅस सिलिंडर, रॉकेल, रंगाचे डबे, खाण्याचं काहीही नको. डाळीचा एक डबा चुकून राहिला की उंदीर आलेच.

अबचौकातला_किडा
पुस्तकांबद्दल. खोके छोटे घ्या. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की हमाल एकदा तुमच्याकडे बघतो आणि एकदा खोक्याकडे. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत रिकामे खोके मागितले तर मिळतात, नवे हवे असतील तर बोहरी आळी. पुस्तकं आडवी रचा, रबरबँड सगळे काढा (वितळून कव्हरला चिकटतात), भरायच्या आधी पंख्याखाली एक-दोन दिवस पसरून ठेवा, कडक उन्हात नको. सुकवलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड टाका, कसर लांब राहते. पाला ओलसर असेल तर मात्र तोच बुरशी आणेल.

कोथरूडची_चिमणी
खूप आभार सगळ्यांचे! सासूबाईंना वाचून दाखवलं, आज चहा त्यांनी केला :) भांडी आणि पैठण्यांचं कोणीतरी सांगा ना.

नऊवारी_आजी
पैठण्या स्टोरेजला द्यायच्याच नाहीत बाळा. त्यांच्या घड्या अधूनमधून मोडाव्या लागतात, नाहीतर जरीची तार घडीवर तुटते, आणि त्यासाठी तू दर वेळी तिकडे जाणार आहेस का? भाड्याच्या घरात पलंगाखाली ट्रंक ठेव, प्रत्येक साडी धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळ. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नकोस, वर्तमानपत्रही नको, जरीची तार काळी पडते.
भांडी चिंचेनं घासून, पुसून, उन्हात तापवून मग जुन्या धोतराच्या कापडात बांध. कल्हई आत्ता लावू नकोस. परत आलीस की तांबट आळीत विचार, नाहीतर आत्ता केलेला खर्च फुकट.

सिंहगडरोड_सर्व्हायव्हर
सगळे पॅकिंगवर बोलतायत, जागेवर कोणीच नाही. ताई, बेसमेंट असेल तर भाडं कितीही कमी असो, नको म्हणा. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला आणि जुलै २०२४ मध्ये आमच्या एकतानगरीत पुराचं पाणी घुसून काय झालं ते आठवा. वरचा मजला आणि सामानाची लिफ्ट असलेली जागा बघा. भिंतीचा खालचा हात-दीड हात भाग नीट बघायचा, पोपडे दिसले किंवा ताजा रंग फक्त तेवढ्याच पट्ट्यात दिसला तर बाहेर पडा. खाली लाकडी पॅलेट टाकून घ्या, सामान भिंतीला चिकटवू नका, मध्ये एक माणूस आडवा जाईल इतकी वाट सोडा, नाहीतर मागचं काढायला पुढचं सगळं बाहेर.
आणि विचारून घ्या की हे खरंच सेल्फ स्टोरेज आहे की पॅकर्सचं गोडाऊन. गोडाऊनमध्ये सामान एकत्र असतं आणि बघायला जायचं तर आधी कळवा, चार्जेस भरा. पॅकर्सचा इन्शुरन्स बहुतेक वेळा फक्त वाहतुकीचा असतो, ठेवलेल्या सामानाचा वेगळा घ्यावा लागतो, तेव्हा प्रत्येक खोक्यावर नंबर आणि भरताना आतला फोटो.

पेठेतला_आगाऊ
आणि करारनामा, सोसायटीचे कागद, दागिने यातलं काही खोक्यात जात नाहीये ना, ते बघा. कुलूप स्वतःचं, पितळी घ्या. एक चावी सासूबाईंकडे.