१९५२ ला सोलापूरनं डोळे झाकून मत दिलं का?

मिलचाळ:
होटगी रोड, तुमची कालची पोस्ट काही डोक्यातून जात नाही. "१९५२ ला सही न येणाऱ्यांच्या हाती मत दिलं, बैलजोडी बघून सगळे तिकडेच गेले." सगळे? बैलजोडीवाल्या काँग्रेसला लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा, खरंय. पण सोलापुरातून गेले शेकापचे शंकरराव मोरे आणि बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे राजभोज. फेडरेशनचे देशभरात दोनच खासदार, त्यातला एक आपला!

होटगी रोड:
राजभोज राखीव जागेवर आले. पेटीवरचं चित्र बघून चिठ्ठी टाकायची, त्यात विचार कसला? शिकलेल्यांनाच मत हवं होतं, हे माझं मत कायम.

मिलचाळ:
जागा राखीव, मतदार सगळे. सोलापूरला दोन जागा, म्हणून प्रत्येकाला दोन मतं आणि दोन्ही एकालाच देता येत नव्हती. मालमत्ता, शिक्षण बघून मत १९४६ पर्यंत होतंच की, इंग्रजांचं! तेच परत हवंय तुम्हाला? माझे आजोबा अंगठेबहाद्दर. पण पगारात चार आणे कमी आले तर मिलच्या दारातच धरायचे.

भवानी पेठ:
दोघंही पुरुषांचंच बोलताय. सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गेली. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढंच सांगितलं, ते तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी चालू दिलं नाही.

होटगी रोड:
ते बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थानकडचं. इथं कशाला आणता, ताई?

भवानी पेठ:
कशाला? माझी आजी विड्या वळायची. माहेरचं नाव एक, लग्नात तांदळात लिहिलेलं दुसरं. यादीत माहेरचं लागलेलं, तिनं सांगितलं सासरचं. दिवसाची मजुरी बुडवून गेली होती, तशीच परत आली. शेवटपर्यंत ते सांगताना तिचा आवाज बसायचा.

अक्कलकोट रोड:
आजही तेच! लग्नाला अकरा वर्षं झाली, बायकोचं नाव यादीत माहेरचं, आधारवर सासरचं. तीन हेलपाटे घातले, दरवेळी नवीन कागद मागतात. बाईचं नाव बदलायची रीतच बंद करा.

मिलचाळ:
दादा, विषय १९५२ चा आहे.

भवानी पेठ:
विषय हाच आहे. मत द्यायला आधी नाव लागतं.

होटगी रोड:
आजींचं वाईट वाटलं. अक्षराचा संबंध नव्हता तिथं, हे मान्य. "सगळे" हा शब्दही काढतो. बाकीचं मागे घेणार नाही.

मिलचाळ:
मग शब्द काढून उपयोग काय?

भवानी पेठ:
अक्कलकोट रोड दादा, आठ नंबरचा फॉर्म भरा, लग्नाचा दाखला जोडा. वहिनींना विचारा मात्र, कुठलं नाव ठेवायचंय ते.