शक्ती 'जागृत' होते, 'फुटते' की 'उतू जाते'?

गिरणाकाठ
एका शब्दापाशी आठ दिवस अडून बसले आहे. बारा-चौदा वर्षांच्या मुलांसाठीची एक इंग्रजी अद्भुतकादंबरी मराठीत आणते आहे. नायिका बारा वर्षांची. घरात जादू कुणालाच येत नाही, गुरू नाही, पोथी नाही. धाकटा भाऊ विहिरीत पडतो, ती काठावरून किंचाळते आणि विहिरीचं पाणी त्याला घेऊन काठापर्यंत वर येतं. काय झालं ते तिचं तिलाही कळत नाही. मी लिहिलं, 'त्या क्षणी तिची शक्ती जागृत झाली.'

प्रकरण अमळनेरच्या मावशीला वाचून दाखवलं. ती कळण्याची भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "कोनती देवी उनी तिना आंगमा?" मी म्हटलं, देवी नाही गं, ते तिचं तिचंच आहे. तर म्हणे, "मंग जागृत काबर म्हनस?" देवस्थान जागृत असतं, पोर जागृत नसते, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून ते वाक्य मला वाचवत नाही.

दुसरी अडचण लहान आहे. अशा न शिकलेल्या जादूवाल्यांसाठी संपादकांनी 'अप्रशिक्षित' सुचवलं. तो शब्द परिपत्रकातला वाटतो, गोष्टीतला नाही.

पेठवाचक
'जागृत' सोडू नका. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढा. 'नागाचें पिलें । कुंकुमें नाहलें । वळण घेऊनि आलें । सेजे जैसें ॥' निजलेली शक्ती, वेटोळं घातलेली, आणि मग ती उठते. सातशे वर्षं मराठी वाचकाच्या कानात ही प्रतिमा आहे. नवे शब्द पाडण्याआधी घरातलं वापरावं. मावशींना देवीच दिसली, यात शब्दाचा दोष नाही.

पांझरा
पेठवाचक, ओवी सुंदर आहे, पण ती ताईंच्या विरुद्ध बाजूची साक्ष देते. त्या अध्यायात कुंडलिनी उठते ती आसन साधल्यावर, बंध बांधल्यावर. म्हणजे शिकलेल्याची. विहिरीच्या काठावरच्या पोरीनं कुठलं वज्रासन घातलं होतं?

मला वाटतं अडचण शब्दाची नाहीच, क्रियापदाची आहे. आपल्याकडे शक्तीच्या दोनच वाटा. एक, तप करून ती मिळवायची: मंत्र सिद्ध होतो, वर मिळतो, विद्या प्राप्त होते. दुसरी, ती बाहेरून येते: अंगात येतं, वारं भरतं, संचार होतो. खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणात, रोटांना, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्या गल्लीत हे दर वर्षी बघतो. पण न मागता, न शिकता, आतूनच काही वर आलं तर त्याला म्हणायचं काय? इंग्रजी कादंबऱ्यांत नेमकी तीच तिसरी वाट आहे. मावशींनी बरोबर जागी बोट ठेवलं.

धुळ्याला राहतो म्हणून सांगतो, इतिहासाचार्य राजवाड्यांचा धातुकोश, म्हणजे मराठी क्रियापदांच्या मुळांचा कोश, इथल्याच राजवाडे मंडळानं छापला. नाम अडलं की धातू चाळायचा, ही सवय मला तिथून लागली.

केळीबाग
तिसरी वाट आपल्याकडे नाही कशी? पायाळू माणूस विसरलात का? पायाकडून जन्मलेला. त्याला जमिनीखालचं पाणी कळतं, पुरलेलं धन दिसतं, आणि त्याच्यावर वीज पडते म्हणून पावसात त्याला झाडाखाली उभं राहू देत नाहीत. कुणी शिकवत नाही, देवही अंगात येत नाही. जन्मतःच असतं, आणि एके दिवशी कळतं.

आमचे थोरले काका पायाळू. रावेर तालुक्यात केळीचं शेत, विहीर खणायची होती. जमिनीखालचं पाणी शोधून देणारा पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून फिरत होता; नारळ उभा राहिला की तिथे पाणी, असं मानतात. दुपारी तो जेवायला बसला, तेव्हा नऊ वर्षांच्या काकांनी गंमत म्हणून तोच नारळ हातावर घेतला. बांधाजवळ नारळ उभा राहिला. काका घाबरून रडायला लागले, नारळ टाकून आजीकडे पळाले. पुढे आमच्या घरात त्या दिवसाला 'काकांचा हात कळला तो दिवस' असंच म्हणायचे. ताई, 'हात कळणे' घ्या.

भरीतभाकर
भाऊ, मीही यावल-रावेरकडचाच. 'हात कळला' कधी ऐकलं नाही. आमच्याकडे 'हात लागला' म्हणतात. 'त्याला पाण्याचा हात लागला.' 'कळणे' लोक नंतर बोलतात.

आणि तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत त्या काळी बांधाजवळ खणलं काय नि मधोमध खणलं काय, पाणी लागायचंच. आता पातळी कुठे गेली ते आपण सगळे जाणतो. नारळ अजून उभे राहतात आणि बोअर कोरडे जातात.

केळीबाग
पाणी का लागलं हा माझा मुद्दाच नाही. घरात काय बोलत होते ते सांगितलं. तुम्ही ऐकलं नाही म्हणून ते नव्हतं असं होत नाही.

गिरणाकाठ
काकांचं रडणं मात्र मला हवं तसं आहे. माझी नायिकाही पुढच्या पानावर पाण्यापासून लांब पळते. 'हात कळणे' लिहून ठेवते. पण हाताचा संबंध नसेल तर? ती फक्त किंचाळली आहे.

अक्षरबाराखडी
मी हे साहित्य पुष्कळ वाचतो. 'जागृती' म्हणून जे एकच नाव चालतं, त्याखाली वेगवेगळ्या घटना आहेत, आणि मराठीत प्रत्येकीला वेगळं क्रियापद लागेल.

उर्सुला ल ग्विन यांच्या १९६८ च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'त सात वर्षांचा पोरगा मावशीच्या तोंडून बकऱ्यांना बोलवायची ओळ ऐकतो. दुसऱ्या दिवशी तीच ओळ आपणच म्हणून बघतो. बकऱ्या येतात आणि त्याला घेरतात, त्याच्याबरोबर गावात येतात. परत पाठवायचं कसं, हे त्याला ठाऊकच नाही. हे आपल्या कुंतीचं झालं. दुर्वासांनी मंत्र दिला, तिनं नुसतं करून पाहिलं, सूर्य समोर येऊन उभा राहिला आणि तो रिकामा परत जाईना. इथे जागृती वगैरे काही नाही. पोरानं हात लावून पाहिला आणि यंत्र सुरू झालं.

हॅरी पॉटरच्या पहिल्या भागात, १९९७ च्या, प्राणिसंग्रहालयात अजगराच्या पेटीची काच नाहीशी होते. मुलानं काही केलेलं नाही, त्याला फक्त भावना अनावर झाली. हे उतू जाणं आहे. दूध उतू जातं ना, तसं.

रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम'मध्ये, पहिला भाग १९९०, काही मुलींत ठिणगी जन्मतःच असते. शिकवा, नका शिकवू, ती पेटणारच. न शिकता जी जगते-वाचते तिला तिथे वेगळं नाव आहे, आणि तिच्या मनात गाठ बसलेली असते. एकीला तर राग आल्याशिवाय शक्तीला हातच घालता येत नाही. इथे 'चेतणे' चपखल. चूल चेतते, तसं माणूसही चेततं. चेतना आणि विस्तव दोन्ही त्या एका धातूत आले.

आणि ब्रँडन सँडरसनच्या 'मिस्टबॉर्न'मध्ये, २००६, शक्ती रक्तात असते, पण मोठा आघात झाल्याशिवाय बाहेर येत नाही. म्हणून उमराव घराणी आपल्याच पोरांना बडवतात. त्याचा मराठी शब्द मला सुचलेला नाही. 'तडकणे' म्हटलं तर मडकं वाया गेल्यासारखं वाटतं.

पांझरा
'उतू जाणे' फार आवडलं. भांडं लहान, खाली जाळ, आणि बघणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे. तिन्ही गोष्टी आल्या.

भरीतभाकर
तडकणे नको. *लाही फुटणे* घ्या. ज्वारीचा दाणा गरम कढईत पडतो, आतल्या ओलाव्याची वाफ होते, टरफल टिकत नाही, आणि आतलं पांढरं बाहेर येतं. ओलावा बाहेरून कुणी घातलेला नसतो, दाण्यातच असतो. नुसता जाळ लागतो. आघातानं बाहेर आलेली शक्ती म्हणजे हेच. दाणा वाया जात नाही, पण परत दाणाही होत नाही.

गिरणाकाठ
भरीतभाकर दादा, तुमचं वाक्य वाचून मी कागद-पेन घेऊन उठले.

आणि मग जे फुटत नाहीत ते गणंग! कादंबरीत नायिकेचा मामेभाऊ आहे, जादूवाल्या घराण्यात जन्मलेला, पण त्याला काहीच येत नाही. त्याच्यासाठी महिनाभर शब्द शोधत होते. टोपलीच्या तळाशी राहिलेला, त्याच कढईतून गेलेला, भाजलेलाही, फक्त न फुटलेला.

पेठवाचक
गणंग चांगला आहे, मान्य. पण 'फुटणे' गंभीर प्रसंगाला हलकं पडेल. काच फुटते, परीक्षेचा पेपर फुटतो.

पांझरा
पान्हा फुटतो. कंठ फुटतो, वाचा फुटते, पाझर फुटतो, पालवी फुटते, मिसरूड फुटतं. यातलं हलकं कोणतं? आणि बघा, यातलं एकही माणूस ठरवून करत नाही. वय झालं, वेळ आली, की आतून फुटतं. संस्कृत 'स्फुट्' वरून आलेला हा धातू आहे, म्हणजे तुमच्या घरातलाच. 'तिला शक्ती फुटली' हे आज कानाला नवं वाटेल, पण वाचा फुटणाऱ्याला ते कळेल.

केळीबाग
बहिणाबाईंचा 'टरारे' आठवा की. 'बीय टरारे भुईत.' मातीखाली निजलेलं बी फुगतं, तटतटतं, मग कोंब वर. असोद्याच्या, निरक्षर, कुणी शिकवलं नाही, आणि जात्यावर ओव्या येत गेल्या. मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून घेतल्या म्हणून १९५२ मध्ये आपल्या हाती आल्या. न शिकलेल्याच्या आतून काय येतं, याचा यापेक्षा मोठा दाखला मला माहीत नाही. 'तिच्यात काहीतरी टरारलं.'

पेठवाचक
आमच्याकडे गळू टरारतं. पुण्या-साताऱ्याच्या मुलाला तोच अर्थ लागेल. पुस्तक महाराष्ट्रभर जाणार असेल तर प्रमाण शब्द हवा.

केळीबाग
प्रमाण शब्द म्हणजे तुमच्याकडचा शब्द. गळूही आतूनच फुगतं. एक पान वाचलं की मुलाला कळेल. आम्ही शाळेत तुमच्याकडचे शेकडो शब्द असेच शिकलो, कुणी आम्हाला विचारलं नाही.

सातपुडा
इतका वेळ वाचत होतो, आता बोलतो. नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागात शिकवतो. ताई, क्रियापद कोणतंही घ्या, पण त्या मुलीला गावकरी काय म्हणतात, ते कुठल्या शब्दात लिहिलंत?

गिरणाकाठ
मुळातला शब्द शिवीसारखाच आहे. मी 'चेटकीण' केलं. एका ठिकाणी 'डाकीण'.

सातपुडा
'डाकीण' काढा, ही विनंती. तो आमच्याकडे गोष्टीतला शब्द नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीला गावानं डाकीण ठरवलं. कुणाचं मूल आजारी पडलं, भगतानं नाव घेतलं, आणि म्हातारीच्या घरी जाणं-येणं बंद. पोर दोन महिने शाळेत बोलली नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा झाला, माणसं समजावून सांगतात, तरी तो शब्द जिवंत आहे. माझ्या ग्रंथालयाच्या पेटीत तुमचं पुस्तक येईल तेव्हा ते त्या पोरीच्याही हातात जाईल.

'अंगात आलं' नको म्हणता ते यासाठीही बरोबर आहे. ज्या मुलीचं स्वतःचं काही असतं, तिला गाव दोनच गोष्टी म्हणतं. देवी आली, नाहीतर डाकीण आहे. तिचं स्वतःचं म्हणून राहूच देत नाही. पांझरा यांनी क्रियापद नाही म्हटलं, त्याचं कारण मला इथे दिसतं.

पांझरा
सर, हे मला सुचलं नव्हतं.

अक्षरबाराखडी
पण सर, गोष्टीतले गावकरी दुष्टपणे वागतात हेच तर दाखवायचं आहे. शिवी गुळगुळीत केली तर मुलीवरचा अन्याय दिसणार कसा? तुमच्या विद्यार्थिनीला कदाचित तोच शब्द पुस्तकात, चुकीच्या माणसांच्या तोंडी, वाचायची गरज असेल.

सातपुडा
असेल. मला तिच्याकडे बघून ते धाडस होत नाही.

पेठवाचक
'चेटकीण', 'जादूगारीण' सगळंच टाळायचं तर मुळात 'जादू' फारसीच आहे. 'यातुविद्या' असा शब्द मानववंशशास्त्राच्या मराठी पुस्तकांत रूढ आहे. तिला 'यातुधारिणी' म्हणा. शुद्ध, आणि कुठला डागही नाही.

पांझरा
डाग नाही? ऋग्वेदात 'यातुधान' म्हणजे ज्याला जाळा, मारा अशी प्रार्थना करतात तो. आणि फारसी 'जादू' नि वैदिक 'यातु' सख्खे चुलतभाऊ आहेत, पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात 'यातु'च आहे. फारसी म्हणून हाकललंत तो तुमच्याच वाड्यातला निघाला.

पेठवाचक
मूळ एक असलं तरी मराठीत तो कोणत्या दारानं आला हे महत्त्वाचं.

केळीबाग
कोणत्याही दारानं येऊ द्या, आता घरातलाच आहे.

गिरणाकाठ
शुक्रवारी प्रकरण द्यायचं आहे. सध्या असं केलंय. विहिरीच्या प्रसंगात: 'तिच्या किंचाळण्याला पाणी फुटलं.' पुढे शाळेत शाई आपोआप दौतीबाहेर येते तिथे 'उतू गेलं'. 'डाकीण' काढला, 'चेटकीण' एकाच म्हातारीच्या तोंडी ठेवला. त्यावर अजून मन बसलेलं नाही. 'अप्रशिक्षित'च्या जागी 'न पेरता उगवलेल्या'. मावशीला फोनवर वाचून दाखवलं. 'फुटलं'वर ती काही बोलली नाही. गणंगावर मात्र म्हणाली, लाह्यांतले गणंग फेकत नाहीत, दळून पीठ करतात, ते त्या पोराला सांग.

भरीतभाकर
आम्हीही दळतो! गूळ घालून.

पेठवाचक
'किंचाळण्याला पाणी फुटलं' यात कर्ता कोण?

सातपुडा
आमच्याकडे न फुटलेल्या दाण्यांना गणंग म्हणत नाहीत, वेगळाच शब्द आहे, आता जिभेवर येत नाही. आई झोपली आहे. सकाळी विचारून लिहितो.